वडिलांची जुनी दुनळी बंदूक विकायची आहे: व्यापाऱ्यामार्फत की परस्पर?

पत्र

माझ्या वडिलांचे गेल्या वर्षी निधन झाले. त्यांच्याकडे बारा बोअरची एक जुनी दुनळी बंदूक होती आणि ती त्यांनी फार निगुतीने सांभाळली होती. तिची मूळ कातडी पेटी आमच्याकडे आहे आणि पेटीच्या झाकणात इंग्लंडमधल्या एका नामांकित पेढीचे लेबल आहे. आम्हा भावंडांपैकी कोणालाच नेमबाजीत रस नाही, त्यामुळे ती विकावी असे ठरले आहे. एका व्यापाऱ्याने बंदूक पाहून एकरकमी भाव सांगितला, पण तो आम्हाला फारच कमी वाटला. इंटरनेटवर ओळख झालेले एक गृहस्थ त्याच्या जवळपास दुप्पट रक्कम द्यायला तयार आहेत. त्यांच्या परवान्याचे काम चालू आहे. पैसे आधी पाठवतो आणि बंदूक घरी येऊन घेऊन जातो, असे ते म्हणतात. माझ्या दिरांचे म्हणणे असे की दस्ता पॉलिश करून आणि नळ्यांना नवा काळा रंग चढवून घेतला तर भाव आणखी वाढेल. आम्ही काय करावे?

— एक वाचक

उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टींचे उत्तर आधी देतो, कारण त्यांत उशीर झाला तर नुकसान भरून निघणार नाही. त्या गृहस्थांना बंदूक विकू नका आणि तिला पॉलिशवाल्याचा हात लागू देऊ नका. व्यापाऱ्याने सांगितलेला भाव कमी वाटला तरी तेवढ्यावरून त्याने तुम्हाला फसवले असे होत नाही. मात्र तो भाव स्वीकारण्याचीही तुम्हाला घाई नाही. माझ्या मते तुमच्यासाठी सर्वांत योग्य मार्ग म्हणजे जुन्या बंदुकांची खरी जाण असलेल्या परवानाधारक व्यापाऱ्याकडे किंवा लिलावगृहाकडे ही बंदूक लेखी कराराने, कमिशनवर विक्रीला ठेवणे. पण ती कोणाला आणि कितीला विकायची हे ठरवण्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा आणि नेमका तोच तुमच्या पत्रात नाही: आज ही बंदूक तुमच्या घरात कायदेशीरपणे आहे का?

वडिलांचा परवाना वडिलांच्या नावाचा होता. वारसाहक्काने वस्तूची मालकी तुमच्याकडे आली, तरी ती जवळ बाळगण्याची परवानगी आपोआप येत नाही, आणि जवळजवळ प्रत्येक देशाचा कायदा हा फरक करतो. तुम्ही कोणत्या देशात राहता हे पत्रात लिहिलेले नाही, म्हणून तीन देशांचे दाखले देतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे, शस्त्र बाळगणे ज्या क्षणी कायदेशीर राहत नाही त्यानंतर ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. जमा केल्याने तुमची मालकी लगेच जात नाही आणि तेथून रीतसर विक्री करता येते. ब्रिटनमध्ये मृताच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या व्यक्तीला पोलिसांकडून तात्पुरती परवानगी घेऊन बंदूक ठेवता येते, किंवा ती नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात देता येते. अमेरिकेत संघराज्याचा कायदा एक आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, त्यामुळे तिथे आपल्या राज्याचा नियम पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तुम्ही यांपैकी कुठेही असा, पहिले काम एकच आहे. वडिलांचा मूळ परवाना, मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद घेऊन परवाना देणाऱ्या कार्यालयात जा, वस्तुस्थिती सांगा आणि ते सांगतील त्याप्रमाणे बंदूक सुरक्षित ठिकाणी जमा करा. एक वर्ष उलटून गेले आहे म्हणून संकोच वाटत असेल, तर आधी वकिलाशी बोला आणि त्यांना सोबत घेऊन जा, पण जा. ही पायरी वगळून केलेला कोणताही व्यवहार, किंमत कितीही चांगली आली तरी, तुमच्या गळ्याशी येऊ शकतो.

याच सुमारास भावंडांची लेखी संमतीही घेऊन ठेवा. बंदूक कोणी विकायची, कमीत कमी किती रकमेला आणि रकमेची वाटणी कशी करायची हे एका कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्या. चांगला व्यापारी हा कागद मागतोच, कारण विक्रीनंतर एखाद्या वारसाने हरकत घेतली तर तो अडचणीत येतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बंदूक रिकामी आहे असे गृहीत धरू नका. वर्षानुवर्षे कोणी चालवलेली नसली तरी नळीत काडतूस असू शकते. ती हाताळायची वेळ आलीच तर नळ्यांचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, बोट चापापासून दूर ठेवून, जाणकार माणसाकडूनच ती उघडून घ्या आणि दोन्ही कोठ्या, म्हणजे नळ्यांच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा, डोळ्यांनी रिकाम्या पाहा. काडतुसे सापडली तर ती वेगळी ठेवा आणि त्यांचीही नोंद परवाना कार्यालयाला द्या. जुनी काडतुसे संपवावीत किंवा बंदूक चालते का ते पाहावे म्हणून बार काढू नका. याचे कारण पुढे येईल.

आता किमतीकडे वळू. व्यापाऱ्याने सांगितलेला आकडा योग्य की अयोग्य, हे बंदूक नेमकी कोणती आहे हे कळल्याशिवाय तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही नाही. पेटीवरच्या लेबलाने आशा वाटते, पण लेबल पेटीचे असते. पेटी एकीची आणि बंदूक दुसरीची असे अनेकदा घडते. म्हणून नाव बंदुकीवरच पाहावे लागते: नळ्यांच्या वरच्या पट्टीवर आणि बाजूच्या पोलादी पाट्यांवर. तिथेही नाव विक्रेत्या दुकानाचे आहे की बनवणाऱ्या पेढीचे, हे वेगळे पाहावे लागते, कारण एके काळी अनेक दुकाने दुसऱ्याकडून बंदुका बनवून घेऊन त्यांवर आपले नाव कोरत असत. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात बेल्जियममध्ये बनलेल्या कितीतरी स्वस्त बंदुकांवर नामांकित ब्रिटिश नावांशी मिळतीजुळती नावे घातलेली असत. १८१२ साली सुरू झालेल्या वेस्टली रिचर्ड्स या पेढीच्या नावाच्या सावलीत ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ असे कोरलेल्या बंदुका विकल्या गेल्या आणि आजही त्या पाहून वारसांचा गैरसमज होतो.

नावाबरोबरच अनुक्रमांक पाहा. तो सहसा चापाच्या संरक्षक कडीच्या मागे जाणाऱ्या पट्टीवर असतो. नळ्यांवर आणि पुढच्या लाकडी पकडीच्या लोखंडावरही तोच असायला हवा. तिन्ही ठिकाणी आकडा जुळला तर बंदूक मूळ जोडणीची आहे असे म्हणता येते. नळ्या दुसऱ्याच निघाल्या तर संग्राहकाच्या दृष्टीने ती वेगळीच वस्तू झाली. नळ्यांवर किंवा पट्टीवर सोन्याच्या तारेत ‘१’ किंवा ‘२’ असा मोठा आकडा भरलेला दिसला, तर ती मुळात जोडीतली एक आहे. जोडीतली एकटी बंदूक जोडीच्या निम्म्यापेक्षा कमी किमतीला जाते, आणि दुसरी कुठे आहे हे माहीत असलेला ग्राहक मात्र तिच्यासाठी अधिक द्यायला तयार होतो. हा आकडा विसरून कोणी वर्णन लिहिले तर तुमचेच नुकसान.

अनुक्रमांक हाती आला की मूळ पेढीला पत्र पाठवता येते. १८१४ साली स्थापन झालेल्या जेम्स पर्डी अँड सन्ससारख्या आणि १८३५ पासूनच्या हॉलंड अँड हॉलंडसारख्या पेढ्यांनी आपल्या जुन्या नोंदवह्या जपल्या आहेत. बंदूक कोणत्या साली, कोणत्या स्वरूपात आणि कोणासाठी बनली याची माहिती अशा नोंदींवरून शुल्क घेऊन दिली जाते. अमेरिकी विंचेस्टर बंदुकांच्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडी येथील शस्त्रसंग्रहालयात पाहायला मिळतात. असे पत्र हाती असणे म्हणजे बंदुकीला जन्माचा दाखला मिळणे होय. व्यापाऱ्याशी बोलण्यापूर्वी हे पत्र मागवायला लागणारा वेळ आणि खर्च मी तरी आनंदाने सोसेन, कारण त्यानंतर बोलणे अंदाजावर न राहता कागदावर होते. वडिलांच्या कागदांत जुनी खरेदीची पावती, दुरुस्तीची बिले किंवा आधीच्या मालकाचे पत्र सापडले तर ते जपून ठेवा. पेटीतली सफाईची काठी, तेलाची कुपी, पितळी नकली काडतुसे, लाकडी मुठीचे पेचकस यांतले काहीही वेगळे करू नका आणि टाकून देऊ नका.

यंत्रणेवरूनही बंदुकीचा दर्जा आणि काळ कळतो. काडतुसावर आघात घडवणारे घोडे (हॅमर) बाहेर दिसत असतील तर ती बहुधा जुन्या पद्धतीची. घोडे आत असलेल्या प्रकारांत, १८७५ साली अँसन आणि डीली यांनी वेस्टली रिचर्ड्समध्ये काढलेली, सर्व यंत्रणा नळ्या आणि दस्ता यांच्या मधल्या पोलादी भागात सामावणारी रचना बॉक्सलॉक म्हणून ओळखली जाते; यंत्रणा दोन बाजूंच्या पाट्यांवर बसवलेली असेल तर ती साइडलॉक. फ्रेडरिक बीझली यांचे १८८० चे पेटंट पर्डी यांनी घेतले आणि त्यावर त्यांच्या सुप्रसिद्ध, आपोआप उघडणाऱ्या साइडलॉक बंदुका उभ्या राहिल्या. एकाच पेढीने साइडलॉक आणि बॉक्सलॉक दोन्ही बनवल्या असतील, तर साधारणतः साइडलॉकला अधिक भाव येतो. म्हणून ‘अमुक पेढीची बंदूक इतक्याला गेली’ अशी ऐकीव माहिती तुमच्या बंदुकीला जशीच्या तशी लावू नका.

किमतीचा खरा निकाल नळ्यांवर लागतो आणि हे काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या निष्णात कारागिराचे आहे. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास नाममात्र १८.५ मिलिमीटर धरला जातो. गंजाचे खड्डे घालवण्यासाठी आतून घासत गेले की व्यास वाढतो आणि भिंत पातळ होते. ब्रिटिश व्यापारात इंचाच्या हजाराव्या भागाची वीसपट, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, ही भिंतीच्या जाडीची खालची मर्यादा मानण्याची रीत आहे. त्याखाली गेलेली नळी बाहेरून कितीही देखणी असली तरी ग्राहक मागे सरतो. कारागीर नळ्या बंदुकीपासून वेगळ्या करून, खालच्या हुकात बोट अडकवून त्या लोंबत्या धरतो आणि बोटाच्या पेराने हलकेच ठोका मारतो. स्वच्छ, लांबत जाणारा नाद आला तर दोन नळ्यांना जोडणारा सांधा पक्का आहे. बद्द किंवा खुळखुळता आवाज आला तर पट्टी कुठेतरी सुटली आहे. हे करताना त्याच्याजवळ उभे राहा, पण तुम्ही स्वतः करून पाहू नका.

बार का काढायचा नाही, याचे उत्तर याच नळ्यांत आहे. बऱ्याच जुन्या ब्रिटिश बंदुकांच्या कोठ्या अडीच इंची, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटरच्या आहेत, तर आजची सर्वसाधारण काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. ते काडतूस आत बसते, म्हणून चालेल असे वाटते. पण त्याचे तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढू शकतो. नळ्यांवर लहरींसारखी नक्षी दिसत असेल तर त्या पोलाद आणि लोखंडाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या दमास्कस नळ्या असण्याचा संभव आहे, आणि त्यांपैकी अनेक केवळ बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूसाठी, आजच्या धूररहित दारूसाठी नव्हे, तपासलेल्या आहेत. कोणत्या दारूसाठी आणि केव्हा तपासणी झाली हे नळ्यांच्या खालच्या सपाट भागावरील तपासणीच्या शिक्क्यांवरून कळते. लंडन आणि बर्मिंगहॅम येथील तपासणीगृहे आजही हे काम करतात; बर्मिंगहॅमचे तपासणीगृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. ब्रिटनमध्ये तपासणीच्या मर्यादेबाहेर गेलेली बंदूक विकणे हाच गुन्हा आहे, म्हणून तिथे विकायची असेल तर हे मोजमाप आधी करून घ्यावेच लागते. जुन्या नळ्या कोठीच्या पुढे कापून त्यांत नव्या नळ्या बसवल्या असतील तर तेही वर्णनात स्पष्ट लिहावे लागते. असे काम नीट झालेले असले तर बंदूक वापरायला उत्तम असते, पण संग्राहकाच्या दृष्टीने तिची किंमत पुष्कळ उतरते.

हे सगळे वाचल्यावर दिरांच्या सूचनेचे उत्तर तुमच्या लक्षात आले असेल. त्यांचा हेतू चांगला आहे. बाकी बहुतेक जुन्या वस्तूंना रंगरंगोटी केल्याने भाव येतो असा आपला सगळ्यांचा अनुभव असतो. संग्राह्य बंदुकीचे गणित मात्र उलटे आहे. पोलादाच्या पाट्यांवर कडक करण्याच्या प्रक्रियेतून उमटलेली निळसर, तपकिरी छटा एकदा घासली गेली की मूळची म्हणून कधीच परत येत नाही. दस्ता घासला की पकडीवरची बारीक जाळी बोथट होते आणि लाकूड लोखंडाच्या पातळीखाली जाते. जाणकाराला ते बोट फिरवताच कळते. उत्तम बंदुकीच्या स्क्रूंकडे भिंगातून पाहा. त्यांच्या खाचा केसासारख्या बारीक असतात आणि बहुतेक सगळ्या नळीच्या दिशेने एका रेषेत थांबलेल्या असतात, कारण कारागिराने प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेसाठी बनवलेला असतो. साधा पेचकस एकदा घसरला की खाचेची कड फाटते आणि पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला ती बंदूक अनाडी हातात पडली होती हे समजते. म्हणून मऊ कोरड्या कापडाने धूळ टिपण्यापलीकडे काही करू नका. गंजाचा ताजा ठिपका दिसला तर तोही कारागिरालाच दाखवा. आणि एक सूचना: कातडी पेटीत बंदूक वर्षानुवर्षे ठेवू नये, कातडे आणि आतले कापड ओल धरते. विक्री होईपर्यंत पेटी वेगळी आणि बंदूक कोरड्या, कुलूपबंद जागी, असे असू द्या.

आता व्यापाऱ्याच्या भावाबद्दल. एकरकमी खरेदी करणारा व्यापारी स्वतःचे पैसे अडकवतो, बंदूक कदाचित वर्षभर पडून राहील हा धोका घेतो, कारागिराचा खर्च करतो आणि पुढच्या ग्राहकाला तिची हमी देतो. त्यामुळे दुकानात जी किंमत लागेल तिच्यापेक्षा तो बरेच कमी देणार, आणि यात गैर काही नाही. तातडीने पैसे हवे असतील, किंवा तपासणीत बंदूक सामान्य निघाली, तर हाच मार्ग सरळ आणि स्वच्छ आहे. फक्त निदान दोन जाणकारांकडून लेखी भाव घ्या आणि मूल्यमापन करणाराच खरेदीदार असेल तर दुसरे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. शक्य असेल तर शुल्क देऊन स्वतंत्र मूल्यमापन करून घ्यावे. विम्यासाठी लिहिलेली किंमत आणि विकून हातात येणारी किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून कोणत्या हेतूने मूल्यमापन हवे हेही सांगावे.

लिलावाचा फायदा असा की दुर्मीळ बंदुकीसाठी दोन हट्टी ग्राहक समोरासमोर आले तर किंमत व्यापाऱ्याच्या कल्पनेपलीकडे जाऊ शकते. तोटा असा की त्या दिवशी एकच आला तर ती खालीच थांबते. म्हणून राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचे नाही ती किंमत, ठरवल्याशिवाय बंदूक लिलावात देऊ नका. शिवाय लिलावगृह दोन्ही बाजूंनी कमिशन घेते हे ध्यानात ठेवा. समजा, बोली शंभरावर थांबली, विकणाऱ्याकडून पंधरा टक्के आणि घेणाऱ्याकडून पंचवीस टक्के असा करार आहे; तर घेणाऱ्याला एकशे पंचवीस द्यावे लागतात आणि तुमच्या हाती पंच्याऐंशी येतात. छायाचित्राचे, विम्याचे आणि न विकल्यास परत नेण्याचे शुल्क त्यातून वेगळे जाते. छापून येणारे निकाल कधी घेणाऱ्याच्या कमिशनसह असतात, कधी त्याविना, म्हणून त्यांवरून स्वतःचा अंदाज बांधताना हे विचारून घ्या.

तुमच्याकडे घाई नाही, पेटी आहे आणि नाव खरे ठरले तर चांगली पेढी आहे; म्हणून मी कमिशनवर विक्रीला ठेवण्याच्या बाजूने आहे. या पद्धतीत बंदूक व्यापाऱ्याच्या ताब्यात असते, पण विकली जाऊन तुमचे पैसे येईपर्यंत मालकी तुमचीच राहते. सगळी मदार करारावर आहे आणि इथे माणसे भिडेपोटी गप्प राहतात. भीड बाजूला ठेवा. करारात बंदुकीचे पूर्ण वर्णन अनुक्रमांकासह हवे, पेटीतल्या प्रत्येक वस्तूची यादी हवी आणि ताब्यात देतानाच्या अवस्थेची छायाचित्रे जोडलेली हवीत, म्हणजे परत घेताना नवा ओरखडा कोणाचा यावर वाद होत नाही. मागितली जाणारी किंमत, त्याखाली तुम्हाला न विचारता जायचे नाही ती किंमत, कमिशनचा दर, कराराची मुदत आणि मुदत संपल्यावर बंदूक कोणत्या खर्चाने परत मिळेल, हे आकड्यांत लिहा. तुमच्या लेखी परवानगीशिवाय दुरुस्ती, रंगकाम किंवा चाचणीचा बार काढायचा नाही, ही अट घाला. चोरी, आग आणि वाहतुकीतले नुकसान कोणाच्या विम्यात येते ते विचारा आणि विम्याच्या कागदाची प्रत मागा. ‘आमचा विमा आहे’ एवढ्यावर थांबू नका, कारण काही विम्यांत दुकानाचा स्वतःचा माल येतो, विक्रीसाठी ठेवलेला दुसऱ्याचा येत नाही. आणि ज्या प्रश्नाने समोरच्याच्या कपाळावर आठी पडेल तोही विचारा: तुमचा व्यवसाय बंद पडला किंवा कर्जात गेला तर माझ्या बंदुकीचे काय? दिवाळखोरीत दुकानातला सगळा माल दुकानाकडून ज्यांचे पैसे येणे आहे त्यांच्यासाठी मोजला जातो. त्या वेळी ही बंदूक आपली आहे हे दाखवायला तुमच्याकडे सही-शिक्क्याचा करार, दुकानाच्या नोंदवहीत तुमच्या नावाची नोंद आणि बंदुकीला बांधलेली तुमच्या नावाची चिठ्ठी असायला हवी. विक्रीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ग्राहकाचे पैसे जमा झाल्यापासून ठरलेल्या दिवसांत तुम्हाला देण्याचे कलमही असावे. चांगल्या व्यापाऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही. त्याचा छापील करार बहुधा तयारच असतो. ज्याला राग येतो त्याच्याकडे बंदूक ठेवू नका.

राहिली परस्पर विक्री. ती मुळातच वाईट असे मी म्हणणार नाही. ग्राहक ओळखीचा संग्राहक असेल, त्याचा परवाना चालू असेल, कायदा तशी परवानगी देत असेल, तर मध्यस्थाचे कमिशन वाचते आणि बंदूक तिची कदर असणाऱ्या घरी जाते. पण तशा वेळीही प्रत्यक्ष हस्तांतरण परवानाधारक व्यापाऱ्याच्या दुकानात, त्याचे माफक शुल्क देऊन करावे असे माझे स्पष्ट मत आहे. भारतात खाजगी परवानाधारकाने दुसऱ्याला बंदूक विकण्यापूर्वी आपला हेतू आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे दोनपेक्षा जास्त बंदुका राहू शकत नाहीत, त्यामुळे ज्याच्याकडे आधीच दोन आहेत तो इच्छा असूनही तुमची घेऊ शकत नाही. ब्रिटनमध्ये घेणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर नोंद करून सात दिवसांच्या आत दोघांनीही पोलिसांना कळवावे लागते. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानुसार दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या व्यक्तीला बंदूक थेट देता येत नाही, ती परवानाधारक व्यापाऱ्यामार्फतच जाते. १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेल्या बंदुकांना तिथला संघराज्याचा कायदा पुरातन मानून वगळतो, पण राज्याचा नियम वेगळा असू शकतो. देशाबाहेर पाठवायची झाली तर निर्यात आणि आयात अशा दोन्ही परवान्यांचा प्रश्न येतो. नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर बसवलेल्या मण्यात किंवा पेटीतल्या साहित्यात हस्तिदंत असेल तर वन्यजीव व्यापाराचे आंतरराष्ट्रीय निर्बंधही लागू होतात. हे व्यापाऱ्यावरच सोपवावे.

या पार्श्वभूमीवर त्या गृहस्थांचा प्रस्ताव पुन्हा वाचा. परवान्याचे काम चालू आहे, याचा अर्थ आज परवाना नाही, आणि परवाना नसलेल्या माणसाच्या हातात बंदूक देणे हा देणाऱ्याचाही गुन्हा आहे. उद्या त्या बंदुकीने काही घडले तर पहिला माग तुमच्या दारापर्यंत येईल, आणि कायद्याचा भाग सोडला तरी ते ओझे आयुष्यभर वागवावे लागेल. बंदूक न पाहता, नळ्यांचे मोजमाप न विचारता दुप्पट देऊ करणारा माणूस संग्राहक नसतो; खरा संग्राहक सर्वांत आधी खालच्या शिक्क्यांची छायाचित्रे मागतो. ‘पैसे आधी पाठवतो’ यातही सुरक्षितता नाही. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा धनादेश पाठवायचा, जादा रक्कम परत मागायची आणि नंतर धनादेश खोटा निघायचा, ही जुनी फसवणूक आहे. रक्कम सुरक्षित ठेवणाऱ्या त्रयस्थ संस्थेच्या नावाने बनावट संकेतस्थळ उभारणे ही तिची नवी आवृत्ती. खात्यात आकडा दिसला म्हणजे पैसे आले असे नसते. ते अंतिमतः जमा झाल्याचे आपल्या बँकेत स्वतः विचारून खात्री करावी लागते. आणि घरी येऊन नेतो म्हणणाऱ्याला तुमचे घर, कपाट आणि घरातली माणसे दिसतात, हे लक्षात घ्या. त्यांना थोडक्यात कळवा की विक्री परवानाधारक व्यापाऱ्यामार्फतच होईल आणि परवाना मिळाल्यावर त्यांनी तिथे संपर्क साधावा. पत्ता दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर बंदूक लवकरात लवकर घरातून हलवून जमा करण्याचे ते आणखी एक कारण आहे.

पुढे कधी परस्पर ग्राहक पाहावासा वाटला, तर जाहिरातीतल्या छायाचित्रांत घराची खोली, खिडकीबाहेरचा भाग किंवा परवान्यावरचा पत्ता दिसू देऊ नका, फोनने चित्रात नोंदवलेली जागेची माहिती काढून टाका आणि अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे झाका. पूर्ण क्रमांक ओळख पटलेल्या ग्राहकालाच द्या. परवान्याच्या छायाचित्रावर विसंबू नका. तो देणाऱ्या कार्यालयाकडे किंवा व्यापाऱ्यामार्फत तपासून घ्या. दोष लपवू नका: पातळ नळी, बदललेला दस्ता, जुनी चीर, सगळे लेखी सांगा. ग्राहकाला आपल्या कारागिराकडून तपासणी करायची असेल तर ठरावीक दिवसांची मुदत द्या, मात्र ती तपासणी व्यापाऱ्याच्या ताब्यात असताना आणि पूर्ण रक्कम आधी जमा करून घेऊन. मनात शंका आली तर कारण न देता नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

व्यवहार पूर्ण झाला की विक्रीची पावती, घेणाऱ्याच्या परवान्याचा क्रमांक, हस्तांतरणाची तारीख आणि परवाना कार्यालयाला दिलेल्या सूचनेची पोच हे सर्व एकत्र ठेवा आणि ते कधीही टाकून देऊ नका. वडिलांच्या परवान्यावरून त्या बंदुकीची नोंद कमी झाल्याचे लेखी मागून घ्या, कारण वापरात नसलेल्या नोंदी कागदावर तशाच राहतात आणि वर्षांनी चौकशी वारसांकडे येते. विमा उतरवला असेल तर कंपनीला कळवा आणि मिळालेल्या रकमेवर कर लागतो का ते कर सल्लागाराला विचारा; वारसाने मिळालेल्या वस्तूची मूळ किंमत कशी धरायची याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. मूळ पेढीकडून आलेल्या पत्राची एक प्रत भावंडांसाठी काढून ठेवायला हरकत नाही. मूळ पत्र बंदुकीबरोबर नव्या मालकाकडे जाऊ द्या.